निवांत रविवार, पण कोणाचा?

गेल्या रविवारच्या पुरवणीत खेड्यातल्या निवांत रविवाराचे वर्णन करणारा लेख वाचला. पारावरच्या गप्पा, दुपारी कोंबडीचा रस्सा, संध्याकाळी मोकळ्या रानात क्रिकेट, हे सारे खरेच आहे. फक्त ते पुरुषांचे आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली, ती मुंबईच्या गिरणी कामगारांना. शेतमजूर बाईपर्यंत ती अजून पोचायची आहे. म्हशीला वार कळत नाही, त्यामुळे दूध संकलन रविवारीही दोन्ही वेळा चालते. आमच्या आळीत भल्या पहाटे धार काढून, डेअरीत किटली पोचती करून बाया सोयाबीन काढायला निघतात. त्यात मुले घरी, एखादा पाहुणा टेकलेला, म्हणून भाकरी नेहमीपेक्षा जास्त. आठवडाभर साठलेले धुणेही त्याच दिवशी. लेखकाने रश्श्याच्या वासावर अख्खा परिच्छेद खर्ची घातला आहे (वास छान उतरला आहे, हे कबूल). पण खोबरे भाजून वाटण कोणी केले, याबद्दल एक ओळ नाही.

आमच्याकडे पूर्वी सोमवारी औताला बैल जुंपत नसत. विसाव्याचा वार बैलांनाही ठरलेला होता. मजुरीला जाणाऱ्या बाईने मात्र एक दिवस खाडा केला, की त्या दिवसाचा रोज बुडतो.

– एक शेतकरी वाचक, जि. सातारा