एका दिवसात एकच किनारा

प्रिय मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला लिस्बनच्या आसपासचा एका दिवसाचा बेत दोनदा वाचला. सकाळी आठला सिंत्रा, पेनाचा राजवाडा, तिथून काबो दा रोका, मग गिंशूचा किनारा, दुपारी कश्काइश आणि परतताना बेलेंचा मठ. तुझ्या सासू-सासऱ्यांना सगळं दाखवावं ही तुझी हौस त्यात दिसते आणि ती मला आवडली. पण या बेतात आण्णा आणि सासूबाई निवांत बसणार कुठे, ते मला सापडलं नाही. सासूबाईंचे गुडघे, आण्णांची साखर आणि ईराची दुपारची झोप, या तिन्हींना धरून दिवस आखायला हवा. म्हणून म्हणते, त्या दिवशी गाडी भाड्याने घेऊ नका. रेल्वेने कश्काइशला जा आणि रेल्वेनेच परत या. बाकी सगळं दुसऱ्या दिवसांसाठी ठेवा. ते दोघं महिनाभर राहणार आहेत, पळापळ कशाला?

सिंत्रा वाईट म्हणून सांगत नाही. पण पेनाच्या राजवाड्यात शिरायची वेळ तिकिटावर ठरलेली असते आणि खालच्या दारापासून वरपर्यंत चढ आहे. ईराला कडेवर घेऊन, सासूबाईंचा हात धरून ती वेळ गाठायची म्हणजे घड्याळाकडे बघण्यातच सकाळ जाईल. आणि काबो दा रोका! युरोपच्या मुख्य भूमीचं ते पश्चिम टोक, एकशे चाळीस मीटर उंच कडा, तिथे उभं राहावं असं कुणालाही वाटेल. पण तिथे वारा माणसाला उभं राहू देत नाही. उन्हाळाभर उत्तरेकडून वारा येतो, सिंत्राच्या डोंगराला ढग अडतात, आणि कश्काइशला लख्ख ऊन असताना तिकडे वर धुकं असतं. गिंशूला तर वाळू अंगावर टोचते. पतंगासारखं शीड धरून लाटांवर पळणाऱ्या पोरांना तो वारा हवाच असतो, आपल्याला नको. रेल्वेच्या बाजूचा किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे, त्याच्या पाठीशी डोंगर आहे, म्हणून तिथे वारा निम्मा होतो. ईराच्या जन्मानंतर मी तुझ्याकडे होते, तेव्हा तिला बाबागाडीत घालून याच किनाऱ्यावर फिरवायचे. कुठे बाक आहे, कुठे सावली आहे, कुठे पायऱ्या लागतात, हे सगळं मला अजून पाठ आहे.

वार आधी ठरवू. गुरुवारी सासूबाईंचा उपास, तो दिवस नको. शनिवार-रविवारी निम्मं लिस्बन वाळूवर उतरतं, तेही नको. तुला सुट्टी मिळत असेल तर सप्टेंबरच्या मध्यावरचा बुधवार बघ. तोवर तिथल्या शाळा सुरू होतात, गर्दी ओसरते आणि ऊन अजून भरपूर असतं. पाणी मात्र थंडच. तो अटलांटिक आहे, आपल्या गणपतीपुळ्यासारखं कोमट पाणी तिथे भर उन्हाळ्यातही मिळत नाही. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेव, म्हणजे पाऊल बुडवल्यावर दचकायच्या नाहीत.

अरॉयुशहून मेट्रोची हिरवी लाईन थेट काइश दू सुद्रेला जाते, तिथेच कश्काइशची गाडी उभी असते. प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं, एका कार्डावर दोघं जात नाहीत, तेव्हा आण्णांची आणि सासूबाईंची कार्डं आदल्या दिवशीच घेऊन, पैसे भरून ठेव. सकाळी नऊनंतर निघा. जाताना डाव्या बाजूला बसा. तेजो नदी त्याच बाजूला आहे, आणि पुढे नदीचा समुद्र कधी होतो ते कळतही नाही.

गाडी सुटल्यावर थोड्याच वेळात मोठा लाल पूल डोक्यावर येतो. तो 1966 साली उघडला तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं. 25 एप्रिल 1974 ला तिथली हुकूमशाही उलथली आणि पुलाला त्या तारखेचं नाव मिळालं. मग बेलें. वास्को द गामा 1497 च्या जुलैत इथूनच निघाला आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात केरळात पोचला. आण्णांना एवढं खिडकीतूनच दाखव. उतरू नका. मठासमोरची रांग त्यांच्या पायांना परवडणार नाही.

उतरायचं ते काशियशला.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण तुझ्या बेतात हे नाव नव्हतं आणि आण्णांसाठी या सगळ्या किनाऱ्यावर याच्याइतकी मोलाची जागा दुसरी नाही. मोहन रानडे या काशियशच्या तुरुंगात होते. मूळचे मनोहर आपटे, सांगलीचे, 1930 सालचा जन्म. गोव्यात शिक्षक म्हणून गेले, गोव्याच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात शिरले, आणि 1955 साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. पोर्तुगीजांनी त्यांना सव्वीस वर्षांची शिक्षा दिली आणि पुढे इथे आणून ठेवलं. कित्येक वर्षं तर एकांतकोठडीत. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, आपल्याकडे पेढे वाटले गेले, आणि ज्यांनी त्यासाठी गोळी खाल्ली ते रानडे पुढची सात वर्षं इथेच कोठडीत राहिले. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी केवढी धडपड केली! अखेर 1969 च्या जानेवारीत ते सुटले. आण्णा तेव्हा सांगलीत शाळेत होते. ‘आपल्या गावचा माणूस सुटला’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून तुझ्या लग्नात ऐकलंय, आणि बोलताना त्यांचा आवाज कसा झाला होता तेही माझ्या लक्षात आहे.

तुरुंग अजूनही तुरुंगच आहे, आत जाता येत नाही. तो स्टेशनाच्या वर टेकडीवर आहे. समुद्राला लागून जो छोटा देखणा किल्ला दिसतो तो साऊँ ब्रुनू, तो वेगळा. आण्णांना आधीच नीट सांग, नाहीतर ते त्यालाच हात जोडतील. सासूबाई आणि ईरा खाली बागेत बसू शकतात. स्टेशनापासून जवळच जुनी राजघराण्याची बाग आहे, दगडी धबधबा आणि मातीचे पुतळे असलेली. निखिल आणि आण्णांनी टॅक्सी करून टेकडीवर जावं, बाहेरूनच बघावं, खाली यावं. तासाभरात होईल. मात्र हे अचानक करू नका. आण्णांना दोन दिवस आधी सांगा. अशा जागी जाताना माणसाला मनाची तयारी करायला वेळ लागतो, आणि त्यांना कदाचित काही फुलं न्यावीशी वाटतील. फोटोंची घाई निखिलला करू देऊ नकोस.

इथे एक गोष्ट ईरा मोठी झाल्यावर तिलाही सांग. हा तुरुंग पोर्तुगीज राजवटीने स्वतःच्याच देशातल्या माणसांनीही भरला होता. पंचवीस एप्रिलनंतर दोन दिवसांत इथले राजकीय कैदी सुटले, तेव्हा दाराशी त्यांची आई-वडील, बायका-मुलं उभी होती. रानड्यांना छळणारी राजवट आणि तुझ्या शेजारच्या काकू, ज्या ईरासाठी सूप पाठवतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आण्णांना हे समजावायची गरज पडणार नाही. ते फार समंजस आहेत.

पुन्हा गाडीत बसताना पाटी वाचून बसा, सगळ्या गाड्या सगळीकडे थांबत नाहीत. ओएराशच्या पुढे नदीच्या मुखात, अगदी पाण्याच्या मधोमध, बुजिओचा गोल किल्ला आणि दीपगृह दिसतं. ईराला ते शोधायला लाव, तेवढाच वेळ जातो. कारकावेलोशला उतरू नका. किनारा मोठा आहे, पण स्टेशनापासून बरंच चालावं लागतं आणि लाटाही मोठ्या. तुम्ही इश्तोरीलला उतरा. स्टेशनाखालच्या बोगद्यातून बाहेर आलं की समोर वाळूच. तिथे समुद्राचं पाणी अडवून केलेला हौद आहे, ईराला पाण्यात खेळवायचं तर तिथेच, आणि तुमच्यापैकी एकाने कायम हात धरून. वाळूवर गेलात तर झेंडा बघा. हिरवा असेल तरच पाण्यात, पिवळा असेल तर फक्त पाय बुडवायचे, लाल असेल तर काठावरच. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा म्हणजे जीवरक्षक जागेवर नाही. आपल्याकडच्या माणसाला समुद्र ओळखीचा वाटतो, पण या पाण्याची ओढ वेगळी आहे.

इश्तोरीलहून कश्काइशपर्यंत समुद्राच्या अगदी कडेने फरसबंद वाट आहे, जेमतेम दोन किलोमीटर आणि सपाट. मध्ये मोंत इश्तोरीलचं स्टेशन लागतं, म्हणजे सासूबाई दमल्या तर तिथूनच गाडी पकडता येते. म्हणून तर ही वाट मला एवढी पसंत आहे, कुठेही सोडून देता येते. हळू चाला. मध्ये कॉफी घ्या. तिथे एका कॉफीवर तासभर बसलं तरी कुणी उठवत नाही, आणि स्वच्छतागृहाचीही सोय होते. त्या दिवशीची भरती-ओहोटी आधी बघून ठेव. ओहोटी असेल तर कश्काइशजवळचे दुकेझा आणि कोन्सेसाऊँ हे दोन किनारे वाळूने जोडले जातात आणि एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत अनवाणी जाता येतं. आण्णांना हे फार आवडेल.

जेवण एक वाजताच. त्याला उशीर नको, एक तर आण्णांच्या गोळ्या, आणि दुसरं म्हणजे तीननंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं ते थेट संध्याकाळी उघडतं. बसल्याबरोबर ते पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं, खाल्लं तर बिलात येतं, नको असेल तर परत पाठवता येतं, आणि त्यात कुणाला वाईट वाटत नाही. आण्णांना भाजलेली सार्डिन द्या, आपल्या तारलीच्या जातीचीच. वर नुसतं मीठ आणि लिंबू. सासूबाईंसाठी मात्र विचारून घे. काल्दू वेर्द म्हणजे बटाटा आणि हिरव्या पानांचं सूप, दिसतं शाकाहारी, पण त्यात डुकराच्या सॉसेजची चकती टाकतात. भाज्यांच्या सुपालाही मांसाचं पाणी नाही ना, असं स्पष्ट विचार. खात्री पटली नाही तर पाव, चीज, टोमॅटोचं सॅलड आणि उकडलेले बटाटे. शिवाय घरून धपाटे आणि दाण्याची चटणी ने. त्यांना परक्या टेबलावर संकोच वाटतो, पण डबा दिसला की चेहरा खुलतो.

जेवणानंतर काहीही ठरवू नकोस. हे मी आग्रहाने सांगते. कश्काइशच्या कोळ्यांच्या किनाऱ्यासमोर सावलीत बाक आहेत, ईरा बाबागाडीत झोपेल, सासूबाई डुलकी घेतील, आण्णा आणि निखिल होड्या बघत बोलतील. बाप-लेक गेल्या कित्येक वर्षांत असे शेजारी बसलेले मी पाहिले नाहीत. फोनवर दोघं हवापाण्याचं बोलतात आणि ठेवतात. सकाळी ते टेकडीवरून एकत्र आलेले असतील, दुपारी त्यांना बोलायला काहीतरी असेल. तू मध्ये ‘चला, आता पुढे’ म्हणून उठवू नकोस. बोका दो इन्फेर्नोची गुहा तिथून वीस-पंचवीस मिनिटांवर आहे, लाटा दगडात आदळतात ते बघण्यासारखं आहे, पण कुणी आपणहून विचारलं तरच जा.

चार-साडेचारला सांतिनीचं आईस्क्रीम. 1949 पासूनचं ते दुकान, फळांचं सरबती आईस्क्रीम घे, त्यात दूध नसतं. आण्णांना अर्धाच गोळा! ऊन उतरायला लागलं की गारवा एकदम येतो, सगळ्यांसाठी स्वेटर आणि ईरासाठी कपड्यांचा दुसरा जोड पिशवीत हवाच. गाडी कश्काइशहूनच सुटते, त्यामुळे चौघांना जागा नक्की मिळेल. येताना उजवीकडे बसा.

रात्री स्वयंपाकाला लागू नकोस. मुगाची खिचडी भिजवून जा, आल्यावर कुकर लावला की झालं. पेनिशच्या किल्ल्याचं मी यात लिहिलं नाही. गोवा मुक्तिलढ्यातले त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा आणि पुरुषोत्तम काकोडकर तिथे कैदेत होते, आणि आता तिथे संग्रहालय झालंय. पण ते बसने दीड तासावर आहे, त्यासाठी आण्णांना आणि निखिललाच पाठव, सासूबाई आणि तू घरी राहा.

रजा मंजूर झाली की तारीख कळव. म्हणजे त्या दिवशी मी संध्याकाळी फोन करणार नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी करीन. ईराला गोड पापा, आण्णांना आणि सासूबाईंना माझा नमस्कार.

तुझी,
आई