प्रवासी बोटींच्या आतल्या रचनेलाही नियम हवेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गपर्यंत रो-रो बोटी, म्हणजे प्रवाशांबरोबर मोटारीही नेणाऱ्या बोटी, चालवण्याची घोषणा झाल्यापासून त्या बोटींचा वेग, त्यांचे भाडे आणि त्यांत किती मोटारी मावतील यांवर वृत्तपत्रांतून पुष्कळ छापून आले. प्रवासी बसणार कोठे, त्याला खिडकीतून काय दिसणार आणि चार-पाच तास तो कोणत्या हवेत श्वास घेणार, याबद्दल मात्र एक ओळही माझ्या वाचनात आली नाही. पिंपरीतील एका कारखान्यात बसच्या आसनांचे आरेखन करण्यात माझी तीस वर्षे गेली, आणि घर मूळचे गुहागरकडचे असल्यामुळे समुद्राशीही नाते आहे. म्हणून हे पत्र.

गेल्या मे महिन्यात मुंबईतील लग्न आटोपून आम्ही दुपारी एका प्रवासी बोटीने अलिबागकडे निघालो. पत्नी आणि तिची ऐंशी वर्षांची आई यांना उन्हाचा त्रास नको म्हणून खालच्या वातानुकूलित केबिनमध्ये, अगदी पुढच्या रांगेत जागा घेतल्या. खिडक्या इतक्या उंचावर होत्या की बसल्या जागेवरून फक्त आकाशाची पट्टी दिसत होती, आणि इंजिनाच्या धुराचा वास आत येत होता. वाऱ्याने लाटा उठल्या आणि वीस मिनिटांत दोघींना बोट लागली. पिशव्या मागायला मी उठलो, तर मधल्या वाटेत आंब्याच्या पेट्या रचलेल्या आणि धरायला आसनांच्या पाठीला साधी मूठसुद्धा नव्हती. खलाशी धावून आले, त्यांनी लिंबू दिले, पाणी दिले. त्यांच्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही, कारण चूक ती बोट आखणाऱ्यांची होती.

बस लागणे आणि बोट लागणे या दोन्हींसाठी आपण एकच क्रियापद वापरतो, परंतु आसन बनवणाऱ्याला त्यांतला फरक ठाऊक असावा लागतो. सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी वरखाली थरथर माणसाच्या शरीराला सर्वांत अधिक जाणवते, आणि बसच्या आसनाची बरीचशी विद्या ती थरथर शोषून घेण्यात आहे. बोट लागते ती मात्र संथ हेलकाव्याने. साधारण पाच सेकंदांत एकदा वर जाऊन खाली येणारी गती पोटाला सर्वाधिक त्रास देते, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे, आणि त्या गतीवर कितीही जाड फोम घातला तरी काही उपयोग होत नाही, कारण गादीसकट माणूस वरखाली होत राहतो. म्हणून चकचकीत कापडाची आणि मागे रेलणारी आसने बसवली की प्रवास सुखाचा झाला, असे कोणी म्हणू लागले तर ते बसच्या अनुभवावरून बोटीबद्दल बोलत आहेत असे समजावे.

बोटीत उपाय आसनाच्या जागेत आहे. लाट नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, उचलते तेव्हा बोट आपल्या मध्याभोवती झुलते. त्यामुळे मध्यापासून जितके दूर बसावे तितका हेलकावा मोठा, आणि जितके उंच बसावे तितके डावीउजवीकडचे डोलणे अधिक जाणवते. सर्वांत शांत जागा म्हणजे बोटीच्या मध्याजवळ, किंचित मागे, खालच्या मजल्यावर. मी ज्या बोटीने गेलो तीत सर्वांत महाग तिकीट वरच्या मजल्यावरच्या पुढच्या रांगांचे होते, म्हणजे जास्त पैसे देऊन माणसाने सर्वांत हलणारी जागा विकत घ्यायची. देखावा हवा असणाऱ्या तरुणांनी ती जरूर घ्यावी. मधल्या शांत रांगा वृद्ध, गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि अपंग प्रवासी यांच्यासाठी जादा भाडे न घेता राखून ठेवाव्यात, एवढेच माझे म्हणणे आहे.

जागा योग्य असली तरी डोळ्यांची सोय वेगळी करावी लागते. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण हलत आहोत, आणि बंद केबिनच्या स्थिर भिंती डोळ्यांना सांगतात की आपण हलत नाही. या विसंवादातूनच मळमळ सुरू होते. क्षितिज दिसत राहिले तर ती पुष्कळ कमी होते. त्यासाठी खिडकीची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या बरीच खाली असली पाहिजे, आसनांची तोंडे बोट जाते त्या दिशेने असली पाहिजेत, आणि टीव्हीचा पडदा नेमका खिडकीच्या आड येता कामा नये. ताज्या हवेची झडप धुराड्यापासून लांब ठेवणे हे तर साधे काम आहे. आवाजाबद्दल वेगवान प्रवासी बोटींच्या आंतरराष्ट्रीय संहितेत ७५ डेसिबलची मर्यादा सांगितलेली आहे, ती मुख्यतः सूचना स्पष्ट ऐकू याव्यात म्हणून. आपल्याकडील अंतर्गत फेऱ्यांना ती संहिता बंधनकारक नसली, तरी तिच्यातले शहाणपण उचलायला कोणाची हरकत असावी?

येथे कोणी म्हणेल की हे सुखवस्तूंचे चोचले आहेत. तसे नाही, कारण आतली रचना हा बोटीच्या तोलाचाच भाग आहे. स्थैर्याचे गणित मांडताना उभ्या प्रवाशाचा गुरुत्वमध्य डेकच्या १ मीटर वर धरतात आणि बसलेल्याचा आसनाच्या ०.३ मीटर वर. सगळे प्रवासी एका बाजूला गोळा झाले तरी बोट १० अंशांहून अधिक कलू नये, अशीही अट असते. ज्यांना आत घुसमटते ती माणसे उठतात, कठड्याशी जातात, वरच्या मजल्यावर गर्दी करतात. ज्यांना बसल्या जागी समुद्र दिसतो आणि वारा मिळतो ती बसून राहतात. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, त्या आठवणी कोकणातल्या घरांत अजून निघतात. बोटीवरील माणसांची हालचाल हा विषय आपल्या किनाऱ्याला तरी नवा वाटू नये.

डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीकडे निघालेल्या बोटीच्या अपघातानंतर लाइफ जॅकेटची चर्चा झाली आणि ती योग्यच होती. पण जॅकेट बोटीवर असणे आणि बसल्या जागेवरून त्यावर हात पोचणे यांत अंतर आहे. ते आसनाखाली असावे, बांधण्याची चित्रे समोरच्या पाठीवर मराठीत असावीत, आणि लहान मुलांची जॅकेटे वेगळी असावीत. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मुलांची जॅकेटे प्रवासीसंख्येच्या किमान १० टक्के लागतात. मे महिन्यात कोकणात जाणाऱ्या बोटीवर मुले याहून कितीतरी अधिक असतात, हे वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्र सागरी मंडळाने प्रवासी बोटींच्या आतल्या रचनेसाठी एक लेखी मानक तयार करावे, आणि परवाना देताना हुलच्या, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या सांगाड्याच्या, तपासणीइतकेच महत्त्व त्याला द्यावे, अशी माझी विनंती आहे. लागणारे ज्ञान फार दूर नाही. खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून काम करत आहे आणि बंदरांतील लाटांचा अभ्यास तेथे प्रतिकृती बांधून होतो. वेताळ टेकडीवरील एआरएआय ही संस्था वाहनांच्या आसनांची मजबुती तपासते. या दोन्हींकडची माणसे, बोट चालवणारे तांडेल आणि रोज ये-जा करणारे प्रवासी यांना एका टेबलाभोवती बसवले तर मसुदा तयार व्हायला फार वेळ लागू नये. लांब पल्ल्याच्या प्रत्येक नव्या बोटीची चाचणी-सफर मे महिन्यातल्या वाऱ्याच्या दुपारी करावी, नाळेजवळ, मध्यावर आणि पिछाडीला हेलकावे मोजण्याची उपकरणे ठेवावीत, आणि त्यातून निघालेला शांत व अशांत जागांचा नकाशा तिकीट खिडकीवर लावावा.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे