व्हेटर्नरीच्या पोरांना अँटीबायोटिक नक्की कोण शिकवतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर हा अँटीबायोटिक रेझिस्टन्सच्या, म्हणजे जंतू औषधाला दाद देईनासे होतात त्याच्या, जागृतीचा जागतिक आठवडा असतो आणि त्या आठवड्यात व्हेटर्नरी कॉलेजांमधे पोस्टर स्पर्धा, क्विझ, एखादी रॅली असं सगळं होतं, पेपरात फोटो येतात. चांगलंच आहे, नावं ठेवायची नाहीत मला. पण मी अकलूज भागात गाई-म्हशींची प्रॅक्टिस करतो, इंटर्नशिपची पोरं-पोरी अधूनमधून माझ्या गाडीवर मागे बसून गोठ्यावर येतात, आणि त्यांच्याकडे बघून जे डोक्यात येतं ते त्या पोस्टरवर कुठंच नसतं, म्हणून हे पत्र. लांबलंय जरा, कात्री लावायची तर लावा.

पोरं हुशार आहेत हे आधीच सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं म्हाताऱ्याने नव्या पिढीच्या नावाने खडे फोडायला घेतले. नीटची परीक्षा देऊन येतात, साडेपाच वर्षांचा कोर्स, त्यात शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. रेझिस्टन्स कसा होतो विचारा, प्लाझमिड, बीटा-लॅक्टमेज, कॉलिस्टिन या शेवटच्या फळीतल्या अँटीबायोटिकला जंतू दाद देईनासा करणारा एमसीआर-१ जीन चीनमधे सापडल्याचं २०१५ ला कसं जाहीर झालं, मग आपल्याकडे जुलै २०१९ मधे खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत कॉलिस्टिन का बंद केलं, सगळं धडाधड सांगतात, मला निम्मं आता आठवतही नाही. पेपरात पैकीच्या पैकी. अडतं ते पुढं, गोठ्यात.

एक उदाहरण देतो, पावसाळ्यातलं, दरवर्षीचंच. एचएफ क्रॉस, म्हणजे संकरित गाय, काल चांगली होती, आज ताप १०५, थरथरतेय, नाकातून पाणी, एक पाय लंगडतेय आणि दूध एकदम निम्म्यावर. आसपासच्या तीन-चार गोठ्यांतही तसंच. म्हणजे तिवा. तीन दिवसाचा ताप म्हणतात तो, माश्या-डासांनी पसरणारा व्हायरस. इंटर्नला विचारलं काय आहे तर बरोबर ओळखलं, व्हायरस आहे हेही स्वतःच सांगितलं, आणि पुढच्याच वाक्यात "सर सेफ्ट्रायझोन लावू का, कव्हर राहील". सेफ्ट्रायझोन हे अँटीबायोटिक, आणि अँटीबायोटिक व्हायरसवर चालत नाही, म्हणून मी म्हटलं कशाचं कव्हर? तर गप्प. आता यात पोराचं चुकलं असं म्हणायला मन होत नाही कारण याआधी तो जिथं जिथं गेला तिथं त्याने हेच बघितलंय, तापाचं इंजेक्शन, एक अँटीबायोटिक, एक बी कॉम्प्लेक्स, झाली ट्रीटमेंट. आणि गंमत बघा, तिवा झालेली बहुतेक गाय तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपोआपच उठते, तिला ताप-दुखीचं औषध, सावली, पाणी आणि बसून राहिली तर कूस बदलणं एवढंच लागतं. पण तोपर्यंत अँटीबायोटिकचे तीन डोस झालेले असतात, त्यामुळे श्रेय त्याला. मालकाची खात्री पटते, पोराचीही पटते. साडेचार वर्षं वर्गात शिकलेलं अशा चार गाई बऱ्या झाल्या की पुसलं जातं. अंगावर गाठी येणारी लम्पी आली तेव्हा २०२२ ला हेच मोठ्या प्रमाणावर झालं, तोही व्हायरसच, जखमा चिघळल्या किंवा न्यूमोनिया झाला तर अँटीबायोटिक द्यावंच लागतं ते वेगळं, पण पहिल्या गाठीपासून महागातलं महाग इंजेक्शन सुरू झालेल्या गाई मी बघितल्यात.

दुसरी गोष्ट डोसची. पुस्तकात डोस किलोला इतके मिलिग्रॅम असा असतो आणि पोरांना तो पाठ असतो. लाँग अ‍ॅक्टिंग ऑक्सिटेट्रासायक्लिन हे अँटीबायोटिक किलोला २० मिलिग्रॅम, औषध एका मिलीत २०० मिलिग्रॅमचं, म्हणजे दहा किलोला एक मिली. मग ४०० किलोच्या गाईला ४० मिली, तेही एका जागी नाही, वाटून तीन-चार जागी. हे गणित सातवीतलं पोरगंही करेल. पण गाईचं वजन किती हे कोण ठरवणार? छातीचा घेर टेपने मोजून वजन काढायचा फॉर्म्युला सगळ्यांना येतो, पण टेप खिशात असलेला इंटर्न मला क्वचितच भेटलाय. मग बाटली ३० मिलीची असेल तर डोस ३०, मालक पैशाला चिकट असेल तर २०. आणि दुसऱ्या दिवशी गाय चरायला लागली की कोर्स तिथंच संपला. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ ला नोबेल घेताना याचसाठी सावध केलं होतं, की पेनिसिलिन अपुरं दिलंत तर जंतू मरणार नाहीत, उलट सरावतील. ऐंशी वर्षं झाली त्याला.

आता कासदाह, कासेला जंतूंमुळे येणारी सूज, म्हणजे आमच्याकडं दगडी म्हणतात ती. दूधपट्ट्यात सगळ्यात जास्त अँटीबायोटिक जातं ते यावर आणि विद्यार्थ्याला खरं काय कळलंय ते इथंच दिसतं. सीएमटीचं, म्हणजे कासदाह ओळखायच्या साध्या टेस्टचं, पॅडल असतं, चार खोलगट वाट्यांचं, चारी सडांतून थोडं थोडं दूध घ्यायचं, तेवढंच जांभळं रिएजंट टाकायचं आणि हळूहळू गोल फिरवायचं, मिनिटाच्या आत ज्या सडात सूज आहे तिथलं दूध जेलीसारखं घट्ट होतं. कुठला जंतू आहे हे त्यातून कळत नाही, पण कुठला सड आणि किती, हे कळतं. स्वस्त आहे, गोठ्यात उभ्या उभ्या होतं. कॉलेजात प्रॅक्टिकलला प्रत्येकाने केलेलं असतं, जर्नलमधे आकृती असते, सही असते. पण सुया टोचायला सगळे आधी आणि पॅडल काढायला कुणीच नाही.

सेन्सिटिव्हिटी टेस्टचं, म्हणजे जंतूवर कुठलं औषध चालतं ते बघायच्या टेस्टचं, तेच. मायक्रोबायोलॉजीत प्लेटवर अँटीबायोटिकच्या चकत्या ठेवून भोवतीचं वर्तुळ मिलिमीटरमधे मोजलेलं असतं सगळ्यांनी. तो जंतू लॅबमधला, शिकवण्यासाठी ठेवलेला. त्या प्लेटचा आणि समोरच्या गाईच्या कासेचा काही संबंध आहे हे शिकवायचं राहून गेलं. आणि खरं बोलायचं तर शिकवलं तरी बाहेर सोय काय आहे? नमुना पुण्याला औंधच्या लॅबला पाठवायचा, इथून दीडशे किलोमीटरच्या वर, बर्फात ठेवून, आणि नमुना तिथं पोचल्यावरही कल्चर वाढून रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस जाणारच. गाईची कास आज तापलीये. मालक म्हणतो डॉक्टर तुमचा रिपोर्ट यायच्या आत माझा सड जाईल. तो चुकीचं बोलत नाहीये! अशा वेळी अंदाजाने औषध सुरू करावंच लागतं, पण तो अंदाज कशाच्या जोरावर? आपल्या तालुक्यात कासदाहात कुठले जंतू जास्त निघतात, कुठलं औषध अजून चालतंय, कुठलं गेलं, असा एका पानाचा कागद जरी वर्षातून एकदा दवाखान्यांना आणि आम्हा खाजगीवाल्यांना मिळाला तरी खूप झालं. कॉलेजच्या दवाखान्यात रोज नमुने येतात, पीजीची पोरं थिसिससाठी हेच करतात, तो थिसिस बांधून लायब्ररीत जातो आणि गोठ्यापर्यंत काही येत नाही.

मग ही माहिती आणून देतं कोण? औषध कंपनीचा एमआर, म्हणजे माल खपवणारा प्रतिनिधी. इंटर्नला डायरी, पेन आणि नवीन मॉलिक्यूलचं गुळगुळीत पॅम्फ्लेट. त्या पॅम्फ्लेटवर ज्या औषधांचं गुणगान असतं त्यातली कित्येक माणसाच्या दवाखान्यात राखून ठेवावीत अशी आहेत, तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन, फ्लुरोक्विनोलोन, डब्ल्यूएचओ त्यांना अत्यंत महत्त्वाच्या यादीत सगळ्यात वर ठेवतं. आमच्याकडं ती पहिलं औषध म्हणून जातात.

आणि यात आमच्या धंद्याचाही भाग आहे, तो लपवून कसा चालेल. गावात व्हिजिटचे पैसे वेगळे द्यायची पद्धत नाही, इंजेक्शनसकट एकच आकडा. म्हणजे डॉक्टरची कमाई बाटलीत. नुसतं तपासून "काही द्यायची गरज नाही, तीन दिवस थांबा" असं सांगितलं तर पैसे मागायला तोंड उरत नाही आणि मालक संध्याकाळी दुसऱ्याला फोन करतो, तो डॉक्टर असेलच असंही नाही. डेन्मार्कने १९९५ च्या सुमारास पशुवैद्यकाला अँटीबायोटिक विकून नफा कमावता येणार नाही अशी व्यवस्था केली. आपल्याकडे तसं उद्या होईल असं मी म्हणत नाही, पण निदान वर्गात यावर एकदा तरी उघड बोला ना! पोरगं डिग्री घेऊन गावात बसतं तेव्हा त्याला औषधाची माहिती असते, "नाही" म्हणायची आणि त्याचे पैसे मागायची प्रॅक्टिस नसते.

दुधाचं तर बोलायलाच नको. औषध दिल्यावर दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही हे लेबलवर असतं, लेबलवर नसेल तर नियमाप्रमाणे दूध आणि अंड्यांना किमान ७ दिवस, मटण-चिकनला २८. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पोरं हे आकडे सांगतात. गोठ्यावर मालकाला सांगताना मात्र आवाज निघत नाही, कारण समोरच्याचं रोजचं १५ लिटर दूध, ३० रुपये भाव धरला तरी दिवसाला ४५०, आठवड्याला तीन हजाराच्या वर, ते गटारात ओत असं कोणत्या तोंडाने सांगायचं? भरपाई कुणी देत नाही. मग कुणीच काही बोलत नाही आणि दूध संध्याकाळी सेंटरला जातं. उकळून दुधातले औषधाचे अंश सगळे जात नाहीत. घरच्या बायकांना हे आमच्याआधी कळतं, इंजेक्शन चालू असलेल्या गाईचं दूध विरजलं की दही नीट लागत नाही, विरजणातले चांगले जंतूच मरतात. मी इंटर्नला सांगतो मालकापेक्षा मालकिणीशी बोला, घरातल्या लेकरांना ते दूध देऊ नका इथून सुरुवात करा, ते पटकन पटतं, मग डेअरीचा विषय काढा. आणि जिथं चालण्यासारखं असेल तिथं कमी दिवस दूध बंद ठेवावं लागणारं औषध निवडा, हा विचारसुद्धा औषध निवडण्याचाच भाग आहे.

नुसत्या बंदीवर माझा फार भरवसा नाही. डायक्लोफिनॅक हे दुखीचं औषध आठवा. ते टोचलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरत होती म्हणून २००६ ला जनावरांसाठी बंद केलं, तर माणसांची मोठी व्हायल आणून जनावरांना टोचणं चालू राहिलं, शेवटी २०१५ ला माणसांची व्हायलच ३ मिलीच्या वर नको असं करावं लागलं. अँटीबायोटिकमधे तर अशी पळवाट बंद करणंही अवघड, मेडिकलवाला चिठ्ठी मागत नाही आणि माणसाचं काय, जनावराचं काय, रेणू एकच.

मग करायचं काय, तर इंटर्नशिपची जी लॉगबुक असते तिच्यात किती केस बघितल्या हे मोजण्यापेक्षा प्रत्येक अँटीबायोटिकपुढे चार ओळी लिहायला लावा, का दिलं, वजन किती धरलं, किती दिवस दिलं, दूध बंद ठेवायला सांगितलं का. आणि त्यावर सही करणाऱ्याने खरंच विचारावं, रांगेत उभं करून शिक्के मारू नयेत. कासदाह होऊच नये म्हणून काय करायचं तेही हाताने करायला लावा, धारेनंतर सड औषधात बुडवणं (डिप करणं), गाय आटवताना काळजी घेणं, धार काढल्याबरोबर गव्हाणीत वैरण टाकणं म्हणजे गाय अर्धा तास तरी उभी राहते आणि सडाचं तोंड मिटेपर्यंत शेणात बसत नाही. एनडीडीबीने, म्हणजे राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने, कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० आणि चुना १५ ग्रॅमचा लेप बराच पसरवलाय, त्यावर माझा सुरुवातीला विश्वास नव्हता, अजूनही गाईला ताप आहे आणि दुधात रक्त-पू आहे तिथं मी लेपावर थांबणार नाही, पण नुकतीच सूज आलीये, गाय खातेपिते, तिथं करून बघायला हरकत नाही असं मत झालंय. कुठं चालेल आणि कुठं नाही हे शिकवायला पाहिजे, नाहीतर एक टोक सोडून पोरं दुसऱ्या टोकाला जातील.

परीक्षेबद्दल एक विनंती आहे, परळच्या कॉलेजपासून उदगीरच्या कॉलेजपर्यंत जे कुणी पेपर काढतात आणि प्रॅक्टिकल घेतात त्यांना. "या केसला कुठलं अँटीबायोटिक द्याल" असा प्रश्न पडला की उत्तरात औषधाचं नाव येणारच, न लिहिणाऱ्याचे मार्क जातात. तिव्याची केस द्या, रवंथ बंद पडलेल्या अपचनाची द्या, साध्या मुरगळलेल्या पायाची द्या आणि काय कराल एवढंच विचारा. ज्याने अँटीबायोटिक लिहिलं त्याचे मार्क कापा. ज्याने नुसतं ताप-दुखीचं औषध आणि दोन दिवसांनी परत बघतो असं लिहिलं त्याला पूर्ण द्या.

आपला,
एक खाजगी पशुवैद्यक,
ता. माळशिरस, जि. सोलापूर