हिपॅटायटिस सी : रुग्णालयांनी आधी स्वतःची तपासणी करावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२८ जुलैला जागतिक हिपॅटायटिस दिन येतो आणि त्या सुमारास नागरिकांना उद्देशून पुष्कळ सूचना प्रसिद्ध होतात. गोंदवून घेताना सुई नवी आहे का ते पाहा, दुसऱ्याचा वस्तरा वापरू नका, वगैरे. या सूचना योग्यच आहेत. मात्र हिपॅटायटिस सी हा रक्तातून पसरणारा यकृताचा विषाणूजन्य आजार असूनही, जिथे दिवसभर अनेकांच्या रक्ताशी संबंध येतो त्या रुग्णालयातील धोक्याबद्दल फारसे बोलले जात नाही. डायलिसिस विभागात बरीच वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यामुळे याविषयी लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते.

सुई एकदाच वापरायची, हे आता सर्वांना ठाऊक आहे. औषधाच्या बाटलीकडे मात्र तेवढे लक्ष जात नाही. इंजेक्शन देताना रक्ताचा सूक्ष्म अंश सिरिंजमध्ये मागे येऊ शकतो आणि तो डोळ्यांना दिसेलच असे नाही. त्याच रुग्णाला आणखी थोडे औषध द्यायचे म्हणून नुसती सुई बदलून तीच सिरिंज पुन्हा बाटलीत घातली, तर तो अंश बाटलीत उतरतो. पुढच्या रुग्णासाठी सिरिंज आणि सुई दोन्ही कोरी घेतली, तरी औषध त्याच बाटलीतले असते आणि देणाऱ्याची मात्र आपण सगळे नियम पाळले अशी प्रामाणिक समजूत असते. २००८ मध्ये अमेरिकेतील लास वेगास येथील एका एंडोस्कोपी केंद्रात भुलीच्या औषधाबाबत असेच घडल्याचे तपासात पुढे आले. एका रुग्णापुरत्या असलेल्या बाटल्या अनेकांसाठी वापरल्या गेल्या होत्या, आणि ४० हजारांहून अधिक लोकांना रक्त तपासून घ्या असे कळवावे लागले.

डायलिसिसमध्ये तर रुग्णाचे रक्त आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सुमारे चार तास शरीराबाहेरच्या नळ्यांतून फिरत असते. सुया काढल्यावर एका रुग्णाच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी हातातील धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेवर, बोळा दाबून धरलेला असताना शेजारच्या यंत्राचा अलार्म वाजतो, आणि हातमोजे न बदलताच ते बटण दाबले जाते. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिन या औषधाची एकच बाटली ट्रॉलीवरून या यंत्राकडून त्या यंत्राकडे फिरते. पाळी बदलताना खुर्ची, यंत्राचा दर्शनी भाग, रक्तदाबाचा पट्टा हे सारे जंतुनाशकाने नीट पुसायला हवे, पण पुढचा रुग्ण दारात ताटकळत असतो आणि ओलसर फडका एकदा फिरवून काम उरकले जाते. वाळलेल्या रक्तातला हा विषाणू सामान्य तापमानात सहा आठवड्यांपर्यंत टिकू शकतो, हे लक्षात घेतले तर या घाईची किंमत कळते. यात दोष एकट्या परिचारिकेचा नाही. तिच्याकडे किती यंत्रे सोपवायची आणि दोन पाळ्यांमध्ये किती वेळ ठेवायचा, हे व्यवस्थापन ठरवते.

यावर अनेक ठिकाणी योजला जाणारा उपाय म्हणजे सर्वांचे रक्त तपासायचे आणि ज्याचा अहवाल पॉझिटिव्ह येईल त्याच्याच बाबतीत कडक खबरदारी घ्यायची. हा उपाय मला अपुरा वाटतो आणि अन्यायकारकही. संसर्ग झाल्यावर रक्तात प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीर तयार करते ती प्रथिने, जी नेहमीच्या तपासणीत शोधली जातात) दिसू लागायला साधारण दोन ते तीन महिने लागतात, आणि डायलिसिसवरील काही रुग्णांमध्ये ती पुरेशी तयारच होत नाहीत. म्हणजे निगेटिव्ह अहवाल हातात असलेल्या रुग्णाकडूनही विषाणू पसरू शकतो. शिवाय फाइलवर लाल खूण झालेल्या माणसाकडे सगळा वॉर्ड संशयाने पाहू लागतो, जणू आजार त्यानेच आणला. कदाचित त्याला तो रुग्णालयातच जडलेला असतो. खबरदारी प्रत्येक रुग्णाबाबत सारखीच हवी.

हा संसर्ग उघडकीस येणे अवघड असते. बहुतेकांना सुरुवातीला कावीळ होत नाही की तापही येत नाही, आणि यकृत निकामी होऊ लागेपर्यंत वीस-तीस वर्षे निघून जातात. तोवर कोणत्या इंजेक्शनाने घात केला हे कोणाला आठवणार? इजिप्तमध्ये गेल्या शतकात बिल्हार्झिया या परजीवी कृमींमुळे होणाऱ्या आजाराविरुद्ध मोठी इंजेक्शन मोहीम राबवण्यात आली. काचेच्या सिरिंज नीट निर्जंतुक न करता पुन्हा पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस सी देशभर पसरला, आणि त्याची व्याप्ती लक्षात येईपर्यंत मोहीम संपून गेली होती. हा विषाणूच मुळी १९८९ मध्ये ओळखला गेला.

आज मात्र तपासण्या उपलब्ध आहेत. डायलिसिसवरील प्रत्येक रुग्णाची उपचार सुरू करताना आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी तपासणी व्हावी आणि शंका असेल तिथे प्रतिपिंडांवर न थांबता विषाणूचीच चाचणी करावी. आधी निगेटिव्ह असलेला रुग्ण पॉझिटिव्ह झाला, तर ती रुग्णालयातील दुर्घटना समजून चौकशी व्हावी आणि त्याच विभागातील इतर रुग्णांना लेखी कळवावे. बदनामीच्या भीतीने हे दडपले जाते, याचे मला अतिशय वाईट वाटते. या आजारावर लस नसली, तरी आठ ते बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. ज्याला कळवलेच नाही, तो या उपचाराला मुकतो आणि नकळत दुसऱ्यालाही संसर्ग देऊ शकतो. संसर्ग आपल्याकडेच झाल्याचे चौकशीत दिसले, तर त्या गोळ्यांचा खर्चही रुग्णालयानेच उचलावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका