४५ दिवसांचा कायदा आणि चार महिन्यांची उधारी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपले छोटे कारखाने स्पर्धेत मागे का पडतात यावर बातमी आली की कारणं ठरलेलीच असतात, मशीन जुनी, कामगारांना स्किल नाही, वीज महाग. वीज महाग आहेच, आणि चालू मशीनवर लाईट गेली की पीव्हीसी गरम बॅरलमध्ये करपतं, मग स्क्रू खोलून साफ करा, शिफ्ट गेली. पण जळगाव एमआयडीसीत पाईपचं छोटं युनिट चालवणारा माणूस म्हणून सांगतो, आम्हाला खरं मारतं ते अडकलेलं पेमेंट, आणि त्यावर कोणी लिहित नाही.

हिशोबच सांगतो. आमचा कच्चा माल म्हणजे रेझिन, पीव्हीसीची पावडर, देशाला लागतं त्यातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, त्यामुळे रेट तिकडे हलला की इकडे हलतो, आणि छोट्या माणसाला ते रोखीत किंवा ॲडव्हान्स देऊनच घ्यावं लागतं, उधारी मोठ्यांना भेटते. तयार पाईप मात्र उधारीवर जातो. समजा १० लाखांचा माल दिला, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १ लाख ८० हजार, तो पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचाच, समोरच्याने एक रुपया दिलेला नसला तरी. पैसे चार महिन्यांनी आले आणि सीसी लिमिटवर, म्हणजे धंदा चालवायला बँकेकडून उचललेल्या पैशावर, ११ टक्के व्याज धरलं तर जीएसटीसकट ११ लाख ८० हजारांवर ४३ हजार व्याजातच गेले. आमच्या धंद्यात १० लाखांवर सुटतात चाळीस-पन्नास हजार. म्हणजे राहिलं काय? नवीन डाय, म्हणजे पाईपचा साचा, कशातून घ्यायची, चांगला ऑपरेटर कशावर टिकवायचा? जुनी मशीन जुनीच का राहते त्याचं उत्तर इथे आहे.

चीनमध्ये कर्जाचा बेंचमार्क दर, म्हणजे बँका ज्याच्या आधाराने व्याज ठरवतात तो, २०२५ मध्ये ३ टक्क्यांवर आला. आपल्याकडे २०२५ मध्ये रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर, साडेसहावरून सव्वापाचवर आला, पण छोट्या युनिटच्या व्याजात तेवढा फरक पडत नाही. पाईप काही चीनहून येत नाही, पोकळ माल आहे, भाडंच परवडत नाही, पण फिटिंग, व्हॉल्व्ह असा बारीक माल बनवणाऱ्याला तिकडच्या मालाच्या भावाशी लढावं लागतं. आणि तिथल्या सरकारने १ जून २०२५ पासून मोठ्या कंपन्यांना छोट्या पुरवठादाराचे पैसे ६० दिवसांत द्या असा नियम कडक केला. युरोपात सरकारी खात्यांना साधारण ३० दिवसांची मर्यादा २०११ च्या नियमापासून आहे.

कायदा आपल्याकडेही आहे की, २००६ पासून आहे! ४५ दिवसांत पैसे द्या, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज. पण ज्याच्याकडून पुढची ऑर्डर पाहिजे त्याच्यावर केस कोण टाकेल? म्हणून २०२४ पासून आयकरात ४३बी(एच) हे कलम आणलं, वेळेत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च दाखवता येत नाही. चांगला कायदा आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण तो फक्त सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला किंवा सेवा देणाऱ्याला लागू, मध्यम उद्योगाला नाही, ट्रेडरलाही नाही. मग खरेदीदार काय करतो, तोच माल ट्रेडरकडून घेतो, नाहीतर सरळ सांगतो, भाऊ, तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद, काढून टाका मग बोलू. ज्याच्यासाठी कायदा केला त्याच्याच हातातली ऑर्डर जाते. ट्रेड्स म्हणून एक ऑनलाइन सोय आहे, छोट्याचं बिल तिथे टाकलं की बँक पैसे आधी देते, त्यावर २५० कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची केली, पण तिथेही बिल आधी खरेदीदाराने ॲक्सेप्ट करावं लागतं आणि गाडी तिथेच थांबते.

गावाकडच्या डीलरवर माझा राग नाही हेही लिहितो. रावेर-यावलच्या केळीवाल्याकडून, पारोळ्याच्या कापूसवाल्याकडून त्याचे पैसे माल विकल्यावरच येतात, भाव पडला तर तेव्हाही येत नाहीत, तो तरी कुठून देणार? माझा राग आहे तो ज्यांच्याकडे पैसे असतात आणि तरी दाबून ठेवतात त्यांच्यावर, आणि त्यात सरकारही आलं. जलजीवनच्या कंत्राटदारांची बिलं थकली, आंदोलनं झाली, तुमच्याच पेपरात वाचलं. कंत्राटदाराचं बिल थकलं की त्याच्या मागे पाईपवाला, पाईपवाल्याच्या मागे ट्रान्सपोर्टवाला आणि शेवटी शनिवारी पगाराची वाट बघणारा हेल्पर, सगळे थकतात.

माझं म्हणणं एवढंच, ४५ दिवसांचा नियम बिलाला लावा, माल मध्यम युनिटचा का ट्रेडरचा हे बघू नका, म्हणजे आम्हाला टाळून कोणाचा फायदा होणार नाही. सूक्ष्म उद्योगाला जीएसटी पैसे हातात आल्यावर भरू द्या, जीएसटीच्या आधी सर्व्हिस टॅक्समध्ये छोट्यांना ५० लाखांपर्यंत अशी सोय होतीच. आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या आमदारांना विनंती आहे, येत्या अधिवेशनात एक प्रश्न टाका, कोणत्या खात्याचं बिल सरासरी किती दिवसांनी निघतं, खात्याच्या नावासकट आकडा द्या, आणि तो आकडा तुम्ही पहिल्या पानावर छापा.

आपला,
एक पाईप उत्पादक, जळगाव