घोड्यांच्या शर्यतींच्या निकालात शेवटच्या ६०० मीटरची वेळही छापावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्याच्या पावसाळी हंगामातील आणि पुढे मुंबईच्या महालक्ष्मीवरील घोड्यांच्या शर्यतींचे वृत्त आपल्या दैनिकात नियमितपणे येते आणि मी साताऱ्यात बसून ते गेली अनेक वर्षे आवर्जून वाचतो. विजेता घोडा, जॉकी, ट्रेनर, किती लांबीने (घोड्याच्या शरीराच्या लांबीच्या मापाने) विजय मिळाला आणि एकूण वेळ किती लागली, हा तपशील त्यात असतो. परंतु ती वेळ कोणत्या टप्प्यात कशी खर्च झाली, हे त्यातून कळत नाही आणि त्यामुळे घोड्याच्या कामगिरीचा अंदाज पुष्कळदा चुकतो.

समजा, १६०० मीटरच्या दोन शर्यती आहेत आणि दोन्ही १ मिनिट ३८ सेकंदांत जिंकल्या गेल्या. पहिलीत आघाडीच्या घोड्याने पहिले १००० मीटर ६० सेकंदांत कापले आणि शेवटच्या ६०० मीटरला ३८ सेकंद लागले. दुसरीत पहिले १००० मीटर ६३ सेकंदांत, म्हणजे सावकाश गेले आणि शेवटचे ६०० मीटर ३५ सेकंदांत झाले. निकालात दोन्ही ठिकाणी एकच आकडा छापला जाईल. प्रत्यक्षात पहिल्या शर्यतीत शेवटच्या टप्प्याचा वेग सरासरी वेगाच्या सुमारे ९७ टक्के होता, तर दुसऱ्या शर्यतीत तो १०५ टक्के होता. पहिल्या शर्यतीत पुढे पळालेले घोडे दमून गेले होते. तेथे मागून येऊन जिंकणाऱ्याला परिस्थितीने हात दिला. दुसऱ्या शर्यतीत पुढच्या घोड्यांनी दम राखून ठेवला होता, त्यामुळे मागून येऊन तिसरा आलेला घोडा कदाचित त्या दिवसाचा सर्वांत चांगला घोडा असेल. वृत्तात मात्र पहिल्याचे वर्णन ‘वाऱ्याच्या वेगाने मुसंडी मारली’ असे येते आणि दुसऱ्याचा उल्लेखही होत नाही.

ही ‘मुसंडी’ बहुतेक वेळा दृष्टिभ्रम असते. शेवटच्या सरळ पट्ट्यात मागचा घोडा फार वेगाने येतो आहे असे वाटते, तेव्हा खरे तर पुढचे घोडे मंदावलेले असतात आणि तो फक्त त्यांच्यापेक्षा कमी मंदावलेला असतो. हे घड्याळाशिवाय डोळ्यांना कळत नाही. ‘जॉकीने घोडा उशिरा सोडला’ हा ठपकाही याच कारणाने अनेकदा चुकीच्या माणसावर बसतो.

मी माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक होतो. ८०० मीटरच्या धावपटूंची पहिली फेरी आणि दुसरी फेरी वेगळी मोजण्याची सवय तेव्हापासून हाताला आहे. पहिली फेरी जोशात धावून दुसरीत पाय जड झालेली मुले मी मैदानावर पाहिली आहेत. आपल्याकडच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट धावत चढणाऱ्यांनाही हा अनुभव नवीन नसेल. आता मी मोबाईलवर शर्यत पाहताना जुने स्टॉपवॉच हातात ठेवतो. आघाडीचा घोडा शेवटचे ६०० मीटर उरल्याचे दाखवणाऱ्या खांबाशी आला की बटण दाबतो, विजेता रेषा ओलांडताच पुन्हा दाबतो आणि आकडा वहीत लिहितो. मात्र ही वेळ आघाडीच्या घोड्याची असते, प्रत्येक घोड्याची नव्हे, हे विसरून चालत नाही. समजा, वरच्या दुसऱ्या शर्यतीत खांबापासून शेवटपर्यंत आघाडी टिकवणाऱ्याची वेळ ३५ सेकंद आहे. खांबाशी सहा लांबी मागे असलेला घोडा रेषेवर केवळ एक लांबी मागे राहिला. एक लांबी साधारण २.४ मीटर, म्हणजे या वेगाला सुमारे ०.१४ सेकंद. पाच लांबी भरून काढणाऱ्या या घोड्याने आपले शेवटचे ६०० मीटर ३४.३ सेकंदांच्या आसपास पूर्ण केले. पुढच्या वेळी मी त्याच्यावर नजर ठेवीन, विजेत्यावर नव्हे.

अमेरिकेतील १९७३ च्या केंटकी डर्बी शर्यतीत सेक्रेटेरियट या घोड्याने सुमारे ४०० मीटरचे पाच टप्पे अनुक्रमे २५.२, २४, २३.८, २३.४ आणि २३ सेकंदांत पार केले, म्हणजे प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा जलद. एकूण १ मिनिट ५९.४ सेकंदांचा तो विक्रम आजही अबाधित आहे; पण ते पाच आकडे वाचल्याशिवाय त्या घोड्याचे थोरपण पूर्ण समजत नाही. त्याच वर्षी बेलमाँट या शर्यतीत त्याने पहिले सुमारे १२०० मीटर १ मिनिट ९.८ सेकंदांत पार केले. एवढ्या लांब शर्यतीसाठी हा वेग जिवावर बेतणारा होता. त्या टप्प्यात त्याच्याशी बरोबरी करणारा शॅम हा डर्बीतील दुसऱ्या क्रमांकाचा घोडा अखेर सर्वांत शेवटी आला, तर सेक्रेटेरियट ३१ लांबीने जिंकला. शॅम कमी प्रतीचा घोडा होता असे केवळ निकाल पाहणारा म्हणेल, टप्पे पाहणारा म्हणणार नाही.

या आकड्यांना मर्यादा आहेत. गेटमधून घोडा स्थिर अवस्थेतून सुटतो, म्हणून सुटल्यानंतरचे पहिले काही मीटर नेहमीच थोडे संथ असतात. पावसाने हिरवळ मऊ झाली की सर्वच वेळा वाढतात, वळणावर वेग कमी होतो आणि अंतर बदलले की हिशेब बदलतो. म्हणून तुलना त्याच मैदानावरील, त्याच अंतराच्या आणि शक्यतो त्याच दिवसाच्या शर्यतींशीच करावी.

जपानमध्ये शेवटच्या ६०० मीटरची वेळ प्रत्येक घोड्याच्या नावापुढे छापलेली असते आणि हाँगकाँगमध्ये प्रत्येक घोड्याच्या टप्प्याटप्प्याच्या वेळा जाहीर होतात. आपल्याकडे पहाटेच्या सरावाच्या नोंदी देताना शेवटच्या ६०० मीटरची वेळ आवर्जून दिली जाते; मग प्रत्यक्ष शर्यतीच्या वृत्तातच ती गाळली जावी, याचे मला फार वाईट वाटते. निकालाच्या चौकटीत एका आकड्यापुरती जागा सहज निघेल. पैज लावणाऱ्यांच्या सोयीसाठी मी हे मागत नाही. मी स्वतः पैज लावत नाही. घोडा आणि जॉकी यांच्या मेहनतीचे माप नीट घेतले जावे, एवढीच माझी तळमळ आहे. पुण्याच्या येत्या हंगामापासून, निदान प्रत्येक दिवसाच्या मुख्य शर्यतीपुरती तरी, एकूण वेळेशेजारी शेवटच्या ६०० मीटरची वेळ द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा