सॉफ्टवेअर डी ला टाकू नकोस रे

घणसोली, रविवार रात्र

पम्या,

तुझा व्हॉइस मेसेज ठाण्याला गाडीत बसल्यावर लावला तो ऐरोली आलं तेव्हा संपला, आणि त्यात अर्धा वेळ मागे वहिनींचा कुकर शिट्ट्या मारत होता. असो, मुद्दा कळला. कॉम्प्युटरला २५६ जीबीचा नवीन एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, तो सी ड्राइव्ह, जुन्या डब्यातली १ टीबीची हार्डडिस्क तो डी, आणि असेंबल करणारा म्हणतो सगळी सॉफ्टवेअर डी ला टाका, सी हलका राहील, उद्या विंडोज उडालं तरी ती वाचतील.

वाचत नाहीत रे! मी पण हेच खरं मानायचो. कळव्याला होतो तेव्हा डिझाइनची कोरल, फोटोशॉप सगळं डी ला ठेवलेलं. एक दिवस सी फॉरमॅट मारला, विंडोज टाकलं, ऐटीत डी उघडला, फोल्डर जागच्या जागी, कोरलवर डबल क्लिक केलं तर म्हणे अमुक डीएलएल फाईल सापडत नाही. कारण आपण डी सांगितलं तरी सेटअप सगळं तिकडे टाकत नाही, रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या वहीतल्या नोंदी, काही कॉमन फायली, ॲपडेटा फोल्डरातली सेटिंग्ज, बऱ्याचदा लायसन्ससुद्धा, हे सगळं सी लाच. म्हणजे बिऱ्हाड डी मध्ये आणि रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक सी च्या पत्त्यावर. शेवटी सगळं परत इन्स्टॉल करावं लागलं.

त्यात तुझा धंदा पत्रिकांचा, म्हणजे फॉन्ट. ते पण सी मध्येच बसतात, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरला. मी त्या दिवशी कोरल परत टाकून एका मुंजीची पत्रिका उघडली तर बटूच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस-टिंबांची खिचडी, जुने फॉन्ट युनिकोड नसतात ना, इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी वळणं बसवलेली, फॉन्ट गेला की खालचं उघडं पडतं. आणि गिऱ्हाईक शेजारी खुर्ची टाकून बसलेलं!! त्यामुळे फॉन्टच्या मूळ फायली आधी डी ला आणि एका पेनड्राईव्हवर कॉपी करून ठेव, आजच.

स्पीडचं बोलायचं तर, प्रोग्राम उघडताना हजारो बारक्या फायली वाचल्या जातात, त्यात हार्डडिस्कचा तो आतला हात नुसता इकडून तिकडे पळत असतो, एसएसडीत हलणारं काहीच नाही. कोरल डी ला टाकलंस तर एसएसडीचे पैसे पाण्यात. (एकाच डिस्कचे सी-डी पार्टिशन केले असते तर स्पीडचा फायदा शून्य, वर डी रिकामा नि सी भरून लाल.)

आणि सी भरेल ही भीती सोड. २५६ चे विंडोजमध्ये २३८ दिसतील, ते फसवलं नाही, मोजायची पद्धत वेगळी. विंडोज, कोरल, फोटोशॉप, ऑफिस टाकून पण भरपूर उरतं. सी भरतो तो डाउनलोड्सने आणि गिऱ्हाइकांच्या फोटोंनी. म्हणून डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन टॅब, तिथे डी चा फोल्डर दे. पण आधी डी वर डाउनलोड्स नावाचा वेगळा फोल्डर बनव, थेट डी देऊ नकोस, नंतर निस्तरताना जीव जातो. मुलाचे गेम खुशाल डी ला जाऊदेत, स्टीमला, म्हणजे गेम घ्यायच्या त्या ॲपला, लायब्ररीचा फोल्डर दाखवला की ते बहुतेक परत ओळखतं. इन्स्टॉल न करता चालणारी पोर्टेबल सॉफ्टवेअर पण चालतील.

हां, ती हार्डडिस्क जुनी आहे हे विसरू नकोस, डी ला ठेवलं म्हणजे बॅकअप झाला असं नाही.

डी ला आधीच काही टाकलं असशील तर फोल्डर उचलून सी मध्ये पेस्ट करू नको, अनइन्स्टॉल कर आणि नीट परत टाक. नाहीतर राहूदे, शनिवारी मी नौपाड्यात येतोय, बसून करू. मामलेदारची मिसळ तुझ्याकडून.

तुझा,
बंड्या